पांढरा रंग दिला म्हणजे घर शांत होत नाही: साधं, मोकळं घर बांधताना कामांचा क्रम

‘मिनिमल घर हवंय’ म्हणून माणूस आर्किटेक्टकडे जातो तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो: पांढरी भिंत, मोठी काच, काचेपलीकडे एकच झाड. फोटोवरून एलेव्हेशन, म्हणजे घराचा दर्शनी चेहरा, ठरतं, एलेव्हेशनवरून खोल्या, आणि उरलेल्या कोपऱ्यांत कपाटं. हा क्रम नेमका उलटा आहे. वास्तुशांतीला असं घर सुंदर दिसतं. पहिल्या पावसाळ्यात हॉलमध्ये कपडे वाळवायची दोरी बांधली जाते, मे महिन्यात काचेला जाड पडदा लागतो, आणि ज्या झाडासाठी काच बसवली ते झाड पडद्यामागे जातं.

इथली मापं 3 ते 5 गुंठ्यांच्या जागेवरच्या, 600 ते 900 चौरस फुटांच्या एकमजली घराची आहेत. कोकण आणि देश यांत जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे. बिनशेती आणि बांधकाम परवानगीत इथे शिरत नाही. फक्त मोजणीच्या खुणा पक्क्या झाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू करू नका. फ्लॅटवाल्यांच्या कामाचे टप्पे 2, 5 आणि 8.

## टप्पा 1: नकाशाआधी जागेवर काय पाहायचं

एक मीटरची सरळ काठी जागेच्या मधोमध रोवा. सकाळी 9, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी 5 वाजता सावलीच्या टोकाला चुन्याची खूण करा. बाराऐवजी साडेबारा घ्यायचं, कारण पुण्या-मुंबईकडे घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर यायला साधारण अर्धा तास असतो.

पुण्याचा अक्षांश सुमारे 18.5 अंश. तिथे डिसेंबरच्या शेवटी या काठीची दुपारची सावली 90 सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि उत्तरेला पडते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती जेमतेम 9 सेंटीमीटर असते आणि दक्षिणेला पडते. मेच्या मध्यावर एक दिवस ती दिसतच नाही. याचा घराशी संबंध असा: दक्षिणेचं ऊन वरून येतं, म्हणून ते छज्ज्याने अडतं. पश्चिमेचं ऊन चार वाजल्यानंतर आडवं घुसतं, त्याला कितीही मोठा छज्जा पुरत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो, म्हणून वाचायची, शिवायची, लिहायची जागा त्या बाजूला.

एक फेरी मे महिन्यात दुपारी तीनला मारा आणि एक जुलैत, पाऊस चालू असताना. जुलैच्या फेरीत तीन गोष्टी टिपायच्या: झड कोणत्या बाजूने येते, पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं. वेळ नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, “पावसाळ्यात तुम्ही कोणती खिडकी उघडत नाही?” या एका उत्तरात वाऱ्याची दिशा कळते. कोकणात ती बहुधा पश्चिम किंवा नैर्ऋत्य निघते.

तपासणी: एका कागदावर जागेची चौकट, उत्तर दिशा, पश्चिमेचं ऊन, झडीची बाजू, पाण्याचा उतार आणि आधीपासून असलेली झाडं आली का? हा कागद नसेल तर एलेव्हेशनचं बोलणंच काढू नका.

सावधान: खोदाई सुरू होण्याआधी वरची 6 ते 9 इंच माती वेगळी काढून कोपऱ्यात ढीग लावा, वर ताडपत्री टाका. बहुतेक ठिकाणी ती भरावात जाते. मग घर झाल्यावर मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या लगद्यात झाडं लावायची वेळ येते, आणि ती जगत नाहीत.

## टप्पा 2: सामानाची मोजदाद

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढच्या सगळ्या पसाऱ्याचं मूळ इथेच असतं. घरात कमी दिसायला हवं असेल तर जे आहे त्याला दाराआड जागा हवी. ‘नव्या घरात कमी सामान ठेवू’ हा संकल्प पहिल्या दिवाळीपर्यंत टिकतो.

सध्याच्या घरात वही घेऊन खोलीखोलीतून फिरा. कपडे आणि भांडी कुणीही मोजतं. विसरतात त्या वस्तू वेगळ्याच: पाहुण्यांच्या गाद्या, वर्षाचे गहू-तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, भरलेला जादा सिलेंडर, गणपतीचं मखर, आकाशकंदील, इस्त्रीचं टेबल, शिडी, छत्र्या आणि ओले रेनकोट, पोछा-बादली, इन्व्हर्टर, कागदपत्रांची पेटी, रद्दी. प्रत्येकीपुढे तीन रकाने करा: लांबी-रुंदी-उंची, किती वेळा लागते, कुठे लागते.

खोलीचं, म्हणजे कपाटाच्या आत किती जागा सोडायची याचं, गणित साधं आहे. हँगरवरच्या कपड्यांना 22 ते 24 इंच, पुस्तकांना 10 ते 12, बरण्या-डब्यांना 12, गाद्यांना 24. गुंडाळलेली एकेरी कापसाची गादी साधारण 3 फूट लांब आणि सव्वा-दीड फूट जाड भरते, म्हणजे दोन गाद्यांना 3 फूट रुंद, 3 फूट उंच असा कप्पा सहज लागतो. सुतार सगळी कपाटं सरसकट 24 इंचांची करतो, कारण प्लाय तसा कापायला सोपा. मग डब्यांमागे डबे जातात, मागचे सापडत नाहीत, आणि नवे आणलेले ओट्यावर येतात.

मोजून झाल्यावर प्रत्येक खोलीत एकच भिंत साठवणीला द्या, जमिनीपासून छतापर्यंत, आणि बाकीच्या मोकळ्या ठेवा. 12 फूट लांब, 7 फूट उंच, 2 फूट खोल अशा भिंतीत 168 घनफूट माल मावतो. तोच माल चार सुट्या कपाटांत ठेवला तर चारही भिंती जातात. जाड भिंतींच्या घरात कोनाडे आणि फडताळं आजही उत्तम चालतात. चिऱ्याच्या भिंतीत ती बांधतानाच सोडायची, नंतर फोडून नव्हे.

नेहमीची चूक: वाळवण विसरणं. कोकणात चार महिने कपडे उन्हात वाळत नाहीत. छप्पर असलेली, दोन बाजूंनी वारा खेळणारी, किमान 4 × 8 फुटांची जागा मोरीला लागून नकाशात दाखवलेलीच हवी. ती नसेल तर ओले टॉवेल खुर्च्यांवर, आणि मग बाकीचा सगळा साधेपणा व्यर्थ.

## टप्पा 3: ओसरी, चौक आणि छप्पर

आता नकाशा. पण खोल्यांआधी घर आणि बाहेर यांच्यामधल्या जागा ठरवा.

1. ओसरी. 4 फुटांची ओसरी म्हणजे चपला काढायची वाट. खुर्चीवर बसून समोरून माणूस जाऊ द्यायचा तर 6 फूट लागतात, झोपाळा टांगायचा तर 8. पश्चिमेला ओसरी आली तर आडवं ऊनही तीच अडवते, म्हणून ती फोटोत छान दिसेल त्या बाजूला न घेता ऊन येतं त्या बाजूला घ्या.

2. चौक. एकमजली घराला 10 × 10 फुटांचा चौक पुरतो. स्थानिक नियमांत आतल्या मोकळ्या जागेचं किमान माप काय आहे ते आधी बघा. चौकाची फरशी घराच्या जमिनीपेक्षा 6 इंच खाली ठेवा आणि निचऱ्याला 110 मिलिमीटरचे दोन पाइप द्या, एक कधीही न देता. आकडा पाहा: चौक आणि त्यात उतरणारं छप्पर मिळून 400 चौरस फूट धरलं, तर तासाला 50 मिलिमीटरच्या पावसात तिथे साडेअठराशे लिटर पाणी येतं. 6 इंच खोल चौकात सुमारे 1,400 लिटर मावतं. एकच पाइप असला आणि त्याच्या जाळीवर पान बसलं, तर पाऊण तासात पाणी हॉलमध्ये. माकडांच्या गावात चौकावर लोखंडी जाळी पहिल्याच दिवशी लावा.

3. छप्पर. मंगळुरी कौलांना सुमारे 30 अंश उतार हवा, म्हणजे दर 12 इंचांना 7 इंच उठाव. आधुनिक दिसावं म्हणून तो 15 अंशांवर आणला की झडीचं पाणी कौलांखाली शिरतं. कोकणात छपराची पुढे आलेली बाजू अडीच ते तीन फूट, देशावर दोन फूट. सपाट स्लॅब असेल तर कोब्याचा उतार 100 इंचांना किमान 1 इंच.

चौकाच्या बाबतीत जपानी फोटो हमखास फसवतात. तादाओ आंदो यांचं ओसाकातलं 1976 चं आझुमा घर बघा. काँक्रीटचा एक अरुंद ठोकळा, मधोमध उघडा चौक, रस्त्याकडे दाराखेरीज काही नाही. झोपायच्या खोलीतून न्हाणीघरात जायचं तर पावसातही चौक ओलांडावा लागतो. तिथे तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत आजी-आजोबांसाठी तसं करू नका. चौकाच्या किमान तीन बाजूंनी 4 फुटांची झाकलेली वाट ठेवा.

तपासणी: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या यांच्यात पायही न भिजवता जाता येतं का? नकाशावर पेन्सिलने वाट काढून बघा.

## टप्पा 4: खिडक्या

खिडकीची जागा भिंत बघून ठरवायची नसते, बसणारा बघून ठरवायची असते. जमिनीवर मांडी घातलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर येतात, खुर्चीवरच्याचे पावणेचार फुटांवर. जमिनीपासून 3 फुटांवर सुरू होणाऱ्या नेहमीच्या खिडकीतून जमिनीवर बसलेल्याला फक्त आभाळ दिसतं. जिथे बसून बाहेर बघायचं आहे ती खिडकी दीड फुटावर घ्या. खालच्या भागाला गज हवेतच, लहान मुलं असोत वा नसोत.

जागेवर असं करा:

1. फक्कीने खोल्या आखून झाल्यावर आखलेल्या खोलीत खुर्ची ठेवा आणि बसा.
2. दोघांना बांबूची 4 × 4 फुटांची चौकट धरून समोर उभं करा.
3. चौकट वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवत झाड, डोंगर किंवा शेजाऱ्याची पाण्याची टाकी यांतलं काय दिसतं ते बघा.
4. टाकी चौकटीबाहेर गेली की चौकटीची खालची कड आणि दोन्ही बाजू मोजून लिहा. तेच खिडकीचं माप.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. विटकाम झाल्यावर हेच करायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागते.

आता क्षेत्रफळ. राष्ट्रीय इमारत संहितेचा ढोबळ नियम असा की उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या जमिनीच्या एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश इतकी उघडी जागा हवी. म्हणजे 120 चौरस फुटांच्या खोलीला देशावर 12 आणि कोकणात 20 चौरस फूट. इथली चूक पकडायला सोपी आहे: दोन ट्रॅकची सरकती खिडकी अर्धीच उघडते. 4 × 5 फुटांच्या स्लायडिंगमधून हवेला मिळतात 10 चौरस फूट. म्हणून हवेच्या खिडक्या बिजागरीच्या घ्या, आणि स्लायडिंग घेतलीच तर माप दुप्पट धरा.

वारा यायला एक आणि जायला दुसरी वाट लागते. समोरासमोर खिडक्या मिळत नसतील तर समोरच्या भिंतीत छताखाली 1 × 2 फुटांचा झरोका सोडा. गरम हवा वरूनच निघून जाते.

दक्षिणेच्या 4 फूट उंच खिडकीला 2 फुटांचा छज्जा दिला की मार्च ते सप्टेंबर दुपारचं ऊन पूर्ण अडतं, आणि डिसेंबरात खालच्या पावणेदोन फुटांतून आत येतं, जेव्हा ते हवंसंच असतं. पश्चिमेला मोठी अखंड काच लावू नका. तिकडचा डोंगर फारच देखणा असेल तर आधी ओसरी, मग काच.

सावधान: छज्ज्याच्या खालच्या कडेला ड्रिप मोल्ड, म्हणजे पाणी थांबवणारी खाच, गिलाव्याच्या वेळीच पाडून घ्या. ती नसली की पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे वळतं आणि दोन पावसाळ्यांत पांढऱ्या भिंतीवर काळे ओघळ येतात. मच्छरदाणीच्या जाळीचा ट्रॅकही आत्ताच ठरवा, नंतर लावलेल्या जाळ्या ठिगळासारख्या दिसतात.

## टप्पा 5: स्लॅब ओतण्याआधी दिव्यांची आखणी

स्लॅबमध्ये पाइप टाकण्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन ‘कुठे कुठे पॉइंट?’ विचारतो आणि घाईत प्रत्येक खोलीत सहा-आठ डाउनलाइट, म्हणजे छतात बसवलेले दिवे, सांगितले जातात. संध्याकाळी सगळं छत चमकतं आणि खोली दुकानासारखी वाटते.

माणूस जिथे बसतो तिथे, भिंतीवर किंवा खाली दिवा द्या. झोपायच्या खोलीत आणि बैठकीत 2,700 ते 3,000 केल्विनचे पिवळसर दिवे. ओटा आणि अभ्यासाच्या जागी 4,000. डाउनलाइट पंख्याच्या पात्यांच्या घेरावर आला की पातं दर फेरीला प्रकाश कापतं आणि खोली लुकलुकत राहते. डोकं का दुखतंय ते महिनाभर कळत नाही. पंख्याचा हुक आणि दिवा यांच्यात पात्याच्या लांबीपेक्षा एक फूट जास्त अंतर ठेवा.

एसी आज घेणार नसाल तरी त्याच्या पाण्याचा पाइप भिंतीत आत्ताच टाका.

## टप्पा 6: जमीन आणि भिंती

सांधे न दिसणारी, एकसंध जमीन हवी म्हणून बरेच जण आयपीएस, म्हणजे घोटलेली सिमेंटची जमीन, निवडतात. स्वस्त आहे म्हणूनही. ती बिघडते ती मालामुळे नाही, क्रमामुळे.

1. गिलावा, विजेचे पाइप आणि छताचं काम पूर्ण झाल्यावरच हात लावा.
2. खालचा काँक्रीटचा थर घासून धुवा, ओला ठेवा, त्यावर सिमेंटची पातळ स्लरी फिरवा.
3. 4 × 4 फुटांचे चौकोन पाडा, सांध्यात काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. अखंड 12 फुटांचा पट्टा ओतला तर तो तडकणारच. मग तडा कुठे जावा हे आपण ठरवत नाही.
4. 40 ते 50 मिलिमीटर जाडीचा 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) माल, बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक चौकोन भरत.
5. पाणी वर आलं की गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरवतो. तिथे त्याला थांबवा. वरचा थर त्यानेच पापुद्र्यासारखा उलतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडतात. पाणी आपोआप बसू द्या, मग घोटा.
6. दुसऱ्या दिवसापासून किमान 7 दिवस आळं करून पाणी उभं ठेवा. पोती टाकलीत तर सगळीकडे सारखी टाका, नाहीतर कोरड्या-ओल्याचे नकाशे कायमचे उमटतात.

रंग मिसळायचा असेल तर आधी 2 × 2 फुटांचा नमुना करा, वाळल्यावर बघा. ओला रंग नेहमी गडद दिसतो. केसासारख्या बारीक रेषा आल्या तर त्या स्वीकारा. ज्याला त्या खपत नाहीत त्याने शहाबादी किंवा कोटा फरशी घ्यावी. या सगळ्या जमिनींना अ‍ॅसिडने पुसणं वर्ज्य आहे, आणि हे कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

स्कर्टिंग काढून टाकायची फॅशन आहे. पोछ्याचं पाणी भिंतीला लागतं आणि सहा महिन्यांत करडी पट्टी दिसते. भिंतीच्या रंगाचीच 3 इंचांची स्कर्टिंग ठेवा, लक्षात येत नाही. बाहेर, लाल मातीच्या प्रदेशात जोत्यापासून दोन फूट भिंत रंगवूच नका. चिरा उघडा ठेवा. आतला रंग शुभ्र पांढरा नको, किंचित दुधाळ घ्या. चौकातल्या दुपारच्या उन्हात शुभ्र भिंत डोळ्यांवर येते.

## टप्पा 7: झाडं

खरं तर झाडं जोत्याबरोबरच लावायची, कारण सावलीला तीन-चार वर्षं लागतात. खोदाईच्या वाटेत नसलेली जागा बांबूच्या कुंपणाने राखून ठेवा, तिथे सिमेंटची घमेली धुवू देऊ नका.

पश्चिमेला सावलीसाठी झाड निवडताना ते पानं कधी गाळतं ते बघा. बहावा, काटेसावर, पांगारा फुलतात तेव्हा बहुधा निष्पर्ण किंवा विरळ असतात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सावली नाही. करंज आणि कडुलिंब पानं झडली तरी लवकर नवी धरतात आणि एप्रिल-मेत दाट असतात. बाराही महिने हिरवं हवं तर बकुळ, पण ती सावकाश वाढते.

वड, पिंपळ, उंबर घरापासून, टाकीपासून आणि ड्रेनेजपासून दूरच. इतर मोठं झाड भिंतीपासून किमान 15 फुटांवर.

पागोळ्यांच्या रेषेखाली 2 फूट रुंद, 6 इंच खोल चर काढून त्यात गोटे भरा. पडणारं पाणी माती उडवत नाही, भिंत लाल होत नाही, आणि पावसाचा आवाज गोट्यांवर मऊ पडतो. बागेवर खर्च करायला थोडेच पैसे उरले असतील तर आधी हे करा, लॉन नंतर.

## टप्पा 8: राहायला गेल्यावर

रिकाम्या बैठकीत मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून झण्ण असा आवाज रेंगाळला तर खोली घुमते. घोटलेली जमीन, काच, गुळगुळीत गिलावा आणि कमी सामान एकत्र आलं की हे होतंच. अशा खोलीत चौघं बोलू लागले की प्रत्येकजण आवाज चढवतो, आणि शांत दिसणाऱ्या घरात डोकं उठतं.

उपाय क्रमाने करा आणि प्रत्येक उपायानंतर पुन्हा टाळी वाजवा. आधी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचे चुणीदार सुती पडदे. मग बसायच्या जागी जाड सतरंजी आणि कापसाची गादी. मग पुस्तकांचं उघडं शेल्फ, घुमणाऱ्या भिंतीच्या समोर. बहुधा दुसऱ्या उपायानंतरच टाळी कोरडी वाजते. नाही वाजली तर छताच्या एका भागाला बांबूची चटई ठोका, मागे एक इंच पोकळी ठेवून.

पहिले दोन महिने भिंतीवर एकही खिळा मारू नका. या काळात ज्या वस्तू रोज रात्री जमिनीवर, खुर्चीवर किंवा ओट्यावर सापडतात त्यांची यादी करा: चाव्या, चार्जर, औषधं, शाळेची दप्तरं. या वस्तूंना जागा द्यायची राहून गेली आहे. दाराजवळ 8 इंच खोल बंद कप्पा आणि चार खुंट्या बहुतेक यादी संपवतात.

पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी चार ठिकाणी टॉर्च मारा: चौकातल्या निचऱ्याच्या दोन्ही जाळ्या, छज्ज्यांच्या खालच्या कडा, पश्चिमेच्या खिडक्यांच्या खालची भिंत, आणि कपाटांची मागची बाजू. कपाट भिंतीला चिकटून असेल आणि भिंत बाहेरची असेल, तर ते ओढून मागे दीड-दोन इंच जागा करा. बुरशी तिथूनच सुरू होते, आणि ती दिसायच्या आधी गाद्यांना वास येतो.